मध्ये चाळीस मिनिटं

साडेदहाला बारसं, अल-खुवैरला.
दुपारी रुवीत पोतनिसांचा निरोप,
सव्वीस वर्षं मस्कतमध्ये काढून बेळगावला निघालेत.
संध्याकाळी सहाला घालाला हळदीकुंकू,
रथसप्तमी तोंडावर आली म्हणून
एकाच शुक्रवारात कोंबलेलं.
यादी मी फ्रिजवर लावली.
हेरंबने खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘झोप?’
मी झोप खोडून ‘पक्षी’ केलं,
प्रश्नचिन्ह त्याचं त्याला ठेवलं.

पर्समध्ये दुर्बीण मावत नाही.
ती निघाली वाणाच्या पिशवीतून,
चोवीस स्टीलच्या वाट्यांखाली,
टोपड्याच्या खोक्याला खेटून,
आणि प्रत्येक गतिरोधकावर वाजली.

पाळण्याशी आत्या वाकली,
कानात कुर्रर्र केलं, पाठीवर बुक्के पडले,
नेमका तेव्हाच
समोरच्या गच्चीतल्या डिशवर
नीलपंख येऊन बसला,
आणि उडताना पंख उघडले त्याने:
घरभर सगळ्या बायकांच्या साड्यांत
तो निळा कुणाकडे नव्हता.
बाळाचं नाव काय ठेवलं
ते मला जिन्यात विचारावं लागलं.

रुवीत श्रीखंड, मग भाषणं.
धामणस्कर उभे राहिले, घसा खाकरला,
‘आपण सगळे इथे स्थलांतरित पक्षी...’
मी वाटीत चमचा फिरवत राहिले.
कुठला पक्षी निघण्याआधी
वॉशिंग मशीन विकायला काढतो?
आणि तो सकाळचा नीलपंख तर
बाराही महिने इथलाच,
जूनच्या उन्हातसुद्धा त्याच डिशवर.
पण टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.
पोतनीसबाईंनी माझं मनगट धरलं:
‘खिडकीतल्या बुलबुलांना पाणी कोण ठेवील गं?’
मी ठेवीन, असं नाही म्हणाले.
त्या खिडकीची किल्ली
महिनाअखेर कुणाकडे असेल, कोण जाणे.

पाच वाजता गाडीतून उतरले.
निऱ्या एका हातात, दुसऱ्यात दुर्बीण,
चपला हेरंबच्या पायाशी.
खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागलेली,
चिखलाला जुन्या पितळेचा रंग.
शेकाटे, लाल काड्यांवर तोललेले.
तुतवार, शेपटी हलवणारा,
काहीतरी विसरल्यासारखा मागे-पुढे.
एक म्हातारा जाळं झटकत होता,
त्याने जरीचा काठ पाहिला. ‘इर्स?’
लग्न का?
‘ला,’ मी म्हटलं, ‘तुयूर.’
त्याने मान हलवली,
पक्ष्यांसाठी शालू नेसतातच, अशी.

आणि शेकाट्यांच्या पलीकडे, उथळ पाण्यात,
उचाट.
तीन हिवाळे मी ज्यांच्यासाठी येते ते उचाट,
काळ्या-पांढऱ्या अंगाचे,
चोच टोकाला वर वळलेली,
एखादं वाक्य मध्येच आवाज चढवून सोडावं तशी.
पाण्यात ती डावी-उजवी फिरवत होते,
परडीत काही शोधावं तसं.
एक, दोन... सात.
पुन्हा सात.
मग मागून हॉर्न, एकदाच, हळू.

घालाला पोचलो तेव्हा अत्तरदाणी फिरून गेलेली.
‘उशीर! आता नाव घ्यायचंच!’
पाठ केलेलं काही आठवेना,
तोंडाला आलं ते सोडून दिलं:
उचाट उभं चिखलात, चोच वळली वर,
हेरंबरावांचं नाव घेते, चिखल निऱ्यांवर.
हसू फुटलं, खाली पाहिलं,
खरंच होता, वीतभर.
‘उचाट म्हणजे?’ असं फक्त एकीने विचारलं,
देवस्थळींच्या अकरा वर्षांच्या मुलीने.
तिळगुळाच्या हाताने मी हवेत चोच काढली.
तिने ती तळहातावर बॉलपेनने उतरवून घेतली.

परतीला वाट्या नव्हत्या, दुर्बीण वाजत नव्हती.
हेरंब रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता.
सिग्नलला थांबला तेव्हा म्हणाला,
‘किती मोजलेस?’
‘सात.’
हिरवा लागला.
‘आठ होते. एक डाव्या बाजूला, बोटीआड.
काचेतून मला दिसत होता.’